टाकीवरचा फेस

गेल्या जुलैत तीन दिवसांसाठी पुण्याला गेलो होतो. परत आलो तर वहिनींनी हौसेने फिशटँक दाखवला. "भावोजी, पाण्यावर एवढा फेस धरला होता, बघवेना. म्हटलं कुणाचा तरी साबणाचा हात लागला. चहाच्या गाळणीने सगळा काढून टाकला. आणि मासे सारखे वर येऊन तोंड वासत होते, म्हणून तो कपाटातला पंप पण लावून दिलाय."

काच लखलखत होती. पंप बुडबुडे सोडत होता. आणि निळा गुरामी नर एका कोपऱ्यात, जिथे त्याचं घरटं होतं तिथे, रिकाम्या पाण्याखाली उभा होता.

वहिनींना काय बोलणार? टाकी ठेवणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांनी तेच केलं असतं. फेस म्हणजे घाण आणि वर येणारा मासा म्हणजे गुदमरलेला मासा, असं आपलं ठरलेलं असतं. सोनेरी गोल्डफिशच्या बाबतीत दुसरी गोष्ट बरीचशी खरीही आहे. गुरामीच्या बाबतीत दोन्ही चूक.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, सुपारीच्या बागा झोपल्या आणि पुढे कित्येक दिवस वाडीत वीज नव्हती. पंप बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी गोल्डफिश उलटे तरंगत होते. त्याच टाकीतले दोन गुरामी मात्र जणू काही झालंच नाही अशा थाटात फिरत होते. मला या माशाचं वेड लागलं ते तेव्हापासून.

हिशेब साधा आहे. आपल्याकडच्या कोमट पाण्यात, अगदी स्वच्छ असलं तरी, लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. लिटरभर हवेत तो २७० मिलिग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे तीसपटीहून जास्त. ज्या माशाला हवा वापरता येते त्याला पाण्यातल्या टंचाईचं काय! गुरामीच्या कल्ल्यांच्या वर, डोक्यात दोन्ही बाजूंना, एक पोकळी असते. पहिल्या कल्ल्याच्या कमानीचं हाड वाढून त्या पोकळीत घड्या घालतं. अंगणातल्या कोंबड्याच्या फुलासारखं दिसतं ते. त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली पातळ त्वचा. मासा वर येतो, हवेचा घोट घेतो, घोट त्या पोकळीत जातो आणि तिथून ऑक्सिजन रक्तात. या अवयवाला लॅबिरिंथ म्हणतात, म्हणजे भुलभुलैया. गुरामीला ही चैन नाही, गरज आहे. पृष्ठभागापर्यंत जाऊ दिलं नाही तर तो भरल्या पाण्यात बुडून मरतो. आपल्या चढणीच्या माशांतला मरळ बादलीत पाण्याशिवाय तासन्‌तास तग धरतो, तोही अशाच, पण जरा साध्या घडणीच्या पोकळीमुळे.

हा मासा मूळचा आग्नेय आशियातला. उथळ, साचलेल्या, झाडपाल्याने भरलेल्या पाण्यातला. मोठा मासा वर येऊन हवा पिईल, पण अंड्यांनी काय करायचं? त्यांना ना कल्ले, ना लॅबिरिंथ. तळाशी पडली तर ऑक्सिजनवाचून कुजणार. त्यावर या कुळाने काढलेला उपाय म्हणजे वहिनींच्या गाळणीत गेला तो फेस.

आता इथे जरा रेंगाळतो. विणीला आलेला नर वर येऊन हवेचा घोट घेतो, तोंडात त्याला चिकट लाळेचं वेष्टण देतो आणि बुडबुडा पाण्याच्या पृष्ठभागाखाली सोडतो. असे शेकडो. काही तासांत बशीएवढा फेसाचा तुकडा तयार. पण साध्या पाण्यातला बुडबुडा क्षणात फुटतो. हा दिवसभर कसा टिकतो?

बुडबुड्याची भिंत म्हणजे पाण्याचा पातळ पडदा. गुरुत्वाकर्षणाने त्यातलं पाणी खाली निथळत राहतं आणि पडदा कुठेतरी फार पातळ होऊन फाटतो. लाळेत प्रथिनं आणि बुळबुळीत म्युकस असतं. त्यांचे रेणू पडद्याच्या दोन्ही पृष्ठभागांवर येऊन बसतात आणि पृष्ठताण कमी करतात. खरी गंमत पुढे आहे. पडदा एखाद्या जागी ताणला गेला की तिथले रेणू विरळ होतात, विरळ झाले की त्या जागेचा पृष्ठताण आजूबाजूपेक्षा वाढतो, आणि जास्त ताण असलेली जागा शेजारचा पृष्ठभाग आपल्याकडे ओढते. पृष्ठभाग सरकताना पाण्यालाही सोबत घेऊन येतो. म्हणजे जिथे फाटण्याची भीती तिथेच आपोआप भरणा! एकोणिसाव्या शतकातल्या कार्लो मारांगोनी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. ताटलीतल्या पाण्यावर मिरपूड भुरभुरून मधोमध साबणाचं बोट लावलं की पूड कडेला पळते, तो याचाच खेळ. शिवाय प्रथिनांचे रेणू एकमेकांत अडकून पडद्याला सायीसारखा ताठरपणा देतात. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर पिवळट फेसाचे गोळे वाऱ्यावर पळतात ना, तेही मेलेल्या प्लवकांतल्या अशाच द्रव्यांनी धरलेले असतात. शिजणाऱ्या डाळीवरचा फेसही त्यातलाच.

डाळ उतू जाऊ नये म्हणून आपण तेलाचा थेंब टाकतो. तेल पृष्ठभागावर पसरतं, प्रथिनांना बाजूला सारतं आणि फेस बसतो. तेच तेल फोडणीच्या वाफेबरोबर उडून टाकीवर तवंग धरतं आणि घरटं विरतं. म्हणून विणीची टाकी स्वयंपाकघरापासून लांब हवी. आमची जेवणाच्या खोलीत होती, ही चूक वहिनींची नाही, माझी. आणि पंपाने तर पाणी ढवळून ते उरलंसुरलं संपवलंच असतं.

ऑगस्टमध्ये पुन्हा विण घ्यायला बसलो. नर-मादी ओळखायची ती पाठीवरच्या पराने: नराचा लांब आणि टोकदार, मादीचा आखूड आणि गोलसर. (याला तीन ठिपक्यांचा गुरामी म्हणतात आणि अंगावर दिसतात दोनच. तिसरा ठिपका म्हणजे डोळा.) वेगळ्या टाकीत वीतभर पाणी, २८ अंश तापमान, फिल्टर बंद, वर काच. लपायला मादीसाठी भरपूर हायड्रिला ही पाणवनस्पती, कारण नर घरटं बांधताना फार तापट होतो. अंगणातल्या बदामाची दोन वाळकी पानं टाकली; त्यातलं टॅनिन पाणी चहासारखं करतं आणि बुरशीला जरा आवर घालतं. आमच्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मुळातच हलकं आहे, ते या माशाला मानवतं. किनाऱ्यालगतचं मचूळ पाणी मात्र वापरू नका.

दुसऱ्या दुपारी मादी घरट्याखाली आली. नराने अंगाची कमान करून तिला विळखा घातला, दोघं क्षणभर थिजल्यासारखी झाली आणि अंडी सुटली. खसखशीएवढ्या प्रत्येक अंड्यात तेलाचा थेंब असतो, म्हणून ती आपली आपण वर तरंगत फेसात जातात. चुकार अंडी नर तोंडात धरून जागेवर नेऊन ठेवतो. एका विणीत शेकडो अंडी. विण संपली की मादीला लगेच काढा, नाहीतर नर तिला फाडतो.

साधारण दिवसभरात पिल्लं बाहेर येतात, आणखी दोन-तीन दिवस घरट्याला लोंबकळतात. पोहू लागली की नरालाही काढायचं. आतापर्यंत राखण करणारा बाप आता त्यांना खातो. पिल्लांचं तोंड इतकं लहान की दुकानातलं कुठलंच खाद्य चालत नाही. भाताचा पेंढा पाण्यात चार-पाच दिवस कुजवला की शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले पॅरामेशियम त्यात भरपूर होतात, ते द्यायचे. आठवड्याभराने आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवांची नुकती निघालेली पिल्लं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लांचा लॅबिरिंथ तयार होतो, आणि बरीचशी मरतात ती तेव्हाच. पहिल्यांदा हवा घ्यायला वर येणाऱ्या काही मिलिमीटरच्या जिवाला पृष्ठताण म्हणजे जाड ताडपत्री. त्यात तवंग असेल तर संपलंच. वरच्या काचेचा एक उपयोग धूळ-तेल अडवणं हा, दुसरा पाण्यावरची हवा उबदार ठेवणं हा.

मेलेली पिल्लं पाहून शेजारच्या काकांनी सांगितलं, "घरावरचं संकट माशांनी अंगावर घेतलं." टाकी आग्नेयेला ठेवू नये म्हणाले, आठ लाल आणि एक काळा मासा ठेवावा असंही म्हणाले. मी त्यांना तवंगाचं सांगू लागलो, पण ते वास्तूवरच परत आले. संकट फोडणीचं होतं, काका.

साठ-पासष्ट पिल्लं जगली. वहिनींना डासांसाठी विहिरीत चार सोडायची होती. नाही म्हटलं, हा मासा बाहेरचा, पुरात वाहून ओढ्यात गेला तर परत काढता येत नाही. त्याऐवजी काचेच्या बरणीत दोन दिले, पंपाशिवाय. चहाला त्यांनी नवी गाळणी आणली. जुनी माझ्याकडे आहे, पेंढ्याचं पाणी गाळायला.