फॉरेन्सिकवाले यायच्या आधीचा तास: घटनास्थळ राखण्यामागचा इतिहास

काही वर्षांपूर्वी इंदुरात लोकमान्य नगरला आमच्या मावशीकडे चोरी झाली. ती गावाहून आली तर कुलूप तुटलेलं, कपाट सताड उघडं, साड्या खोलीभर पसरलेल्या. शेजारच्या काकू धावत आल्या, मावशीला पाणी दिलं, साड्यांच्या घड्या घातल्या, केर काढला आणि फडक्यानं कपाटाचं दारसुद्धा पुसलं, सगळं मायेपोटीच. मग गाडीतून पोलीस आले, त्यातल्या एकानं लॉकरचं हँडल हातानंच फिरवून बघितलं. दुसऱ्या दिवशी काळी पावडर आणि ब्रश घेऊन फिंगरप्रिंटवाले आले, घरातल्या सगळ्यांची बोटं घेतली, आणि कपाटावर जे ठसे उठले होते ते सगळे आमचेच निघाले. तेव्हापासून मला या विषयाची तळमळ आहे, कारण त्या घरात चुकीच्या भावनेनं कोणीच काही केलं नव्हतं, पण काय करू नये हे सांगणारंही कोणी नव्हतं.

आणि हे ज्ञान आपल्याकडे उशिरा आलं असंही नाही. कलकत्त्याला 1897 मध्ये फिंगरप्रिंट ब्युरो निघाला, बोटांच्या ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवणारे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस तिथलेच. त्याच सुमाराला जलपैगुडीकडे एका चहामळ्याच्या मॅनेजरचा खून झाला आणि त्याच्या सामानात एक बंगाली पंचांग सापडलं, त्यावर रक्ताचा पुसटसा ठसा. तो ठसा आधी शिक्षा झालेल्या एका जुन्या नोकराशी जुळला. कोर्टानं त्याला चोरीसाठी दोषी धरलं, खुनासाठी नाही. पण विचार करा, कोणी ते पंचांग झटकून, पुसून देवघरात ठेवलं असतं तर?

तिकडे ऑस्ट्रियात हान्स ग्रोस या मॅजिस्ट्रेटनं 1893 मध्ये तपासाचं हँडबुक लिहिलं, जागेला हात लावायच्या आधी ती नीट बघा, लिहून घ्या, मग पुढचं, हा त्याचा आग्रह. त्याचं इंग्रजी भाषांतर 1906 मध्ये निघालं ते आपल्याच मद्रासमधून. म्हणजे पुस्तक दारात होतं, पण ठाण्यातल्या शिपायापर्यंत ते पोचलं नाही.

का, तर पोलीस उभे केले होते वेगळ्याच कामासाठी. 1861 चा पोलीस ॲक्ट 1857 नंतरचा, त्यात बंदोबस्त आधी, तपास मागून. कायदा अधिकाऱ्याला सांगायचा मौक्यावर जा, प्रेत असेल तर मर्ग कायम करा, म्हणजे मृत्यूची नोंद घ्या, पंचांसमोर पंचनामा लिहा. जागेभोवती दोरी बांधून लोकांना बाहेर ठेवण्यापेक्षा पंचांची सही मोठी, भरवसा माणसांच्या जबानीवर. इंदूरच्या जुन्या मंडळींना बावला खून आठवेल, होळकरांच्या दरबारातून निघून गेलेल्या मुमताज बेगमसोबत असलेल्या बावला या व्यापाऱ्याचा, जानेवारी 1925, मुंबईच्या मलबार हिलवर, ज्याच्या वादळात पुढच्या वर्षी तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. तिथे सगळ्यात आधी पोचले ते पोलीस नव्हतेच, गोल्फ खेळून परतणारे लष्करी अधिकारी होते, त्यांनी हल्लेखोराला जागेवरच धरलं, आणि खटल्यात त्यांच्या साक्षीचं वजन मोठं होतं.

डोळ्यांनी बघितलेलं कोणी नसलं की काय होतं ते देशानं 2008 मध्ये नोएडात आरुषी तलवारच्या खुनात पाहिलं. पहिल्याच सकाळी घरात नातेवाईक, शेजारी, पत्रकार, सगळे फिरत होते, गच्चीचं दार बंदच राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ते उघडलं तेव्हा वर दुसरा मृतदेह, घरच्या नोकराचा, हेमराजचा. जे गेलं ते कुठल्याच एजन्सीला परत आणता आलं नाही.

मग सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये घटनास्थळाच्या व्हिडिओग्राफीवर जोर दिला. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम 176(3) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं जागेवर यायचंच आणि व्हिडिओही करायचा, फक्त राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुभा आहे. माझ्या मते 1861 नंतरचा हा सगळ्यात मोठा बदल. पण तज्ज्ञ येईपर्यंत जागा कोणी धरून ठेवायची, ते त्या कलमात नाही.

आपल्याकडे ते काम गाडीवर येतं. मध्य प्रदेशात 1 नोव्हेंबर 2015 ला डायल हंड्रेड, म्हणजे 100 नंबरवर फोन केला की पोलिसांची गाडी येण्याची सोय, सुरू झालं, तेव्हा 1000 गाड्या, त्यांना एफआरव्ही, म्हणजे फर्स्ट रिस्पॉन्स व्हेइकल म्हणतात, आता नंबर 112 झालाय. डिसेंबर 2021 पासून इंदुरात पोलीस कमिश्नरही आहेत. तरी फोन केला की आधी येते ती गाडीच, तिच्यात बरेचदा एक आरक्षक, म्हणजे शिपाई, आणि एक पायलट, म्हणजे ड्रायव्हर. जखमी असेल तर आधी त्याला दवाखान्यात पोचवायचं, ते बरोबरच आहे, जीव पहिला. मग गर्दी मागे सारायची, आत-बाहेर जायला एकच वाट ठेवायची, कोण कधी आत गेलं ते वेळेसकट लिहायचं, टीआय साहेबांना, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखाला, कळवायचं, दारात उभं राहून घरच्याच बाईला सांगायचं की मावशी, केर नका काढू. आणि हे सगळं त्या एकट्या आरक्षकानं.