'तेरेझ राकँ': नेमका कुणाचा?

१९२८चा 'तेरेझ राकँ' जर्मन मूकपटांच्या यादीत सापडतो आणि फ्रेंच यादीतही. चूक कुणाचीच नाही.

चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला, ती एमिल झोला या फ्रेंच लेखकाची, १८६७ची. पॅरिसच्या अंधाऱ्या बोळातलं सुयादोऱ्यांचं दुकान, रोगट नवरा, बायको तेरेझ, तिचा प्रियकर लोराँ आणि सीन नदीतला नवऱ्याचा खून. 'सडकं साहित्य' अशी टीका झाली, तेव्हा लेखकाने पुढच्या आवृत्तीला खरमरीत प्रस्तावना जोडली. १८७३मध्ये त्यानेच तिचं नाटक केलं, १९१५मध्ये इटलीत मूकपटही निघाला.

खरा गुंता १९२०च्या दशकातला. १९२५पासून जर्मनीत 'कोंटिंगेंट' लागू होतं: वितरकाने एक देशी चित्रपट लावला, तरच एक परदेशी आणायचा परवाना. हॉलीवूडच्या लोंढ्याला बांध म्हणून केलेल्या या नियमाने निव्वळ परवान्यापुरते काढलेले स्वस्त चित्रपटही जन्माला घातले. 'देशी' ठरणं म्हणजे पैशाचा मामला झाला. याच काळात फ्रान्स आणि जर्मनी मिळून चित्रपट काढू लागले. 'तेरेझ राकँ' त्यातलाच, पण परवान्यापुरता खचितच नव्हे. दिग्दर्शक जन्माने बेल्जियन, नाव कमावलं फ्रान्समध्ये. नायिका फ्रेंच, प्रियकर जर्मन, नेपथ्यकार मूळचा रशियन. पॅरिसचा तो कोंदट बोळ उभा राहिला बर्लिनच्या स्टुडिओत. जर्मनीत तर शीर्षकाला बायबलमधली आज्ञाच चिकटवली: 'व्यभिचार करू नको'. कादंबरीत उपदेशाचा मागमूस नाही, त्यामुळे ही पाटी मला तरी खटकते. तरी स्टुडिओ, नेपथ्य आणि निम्मे नट पाहता जर्मन म्हणणाऱ्यांची बाजू वाटते तितकी लंगडी नाही.

गोष्टही मूकपटासाठीच बेतल्यासारखी. पक्षाघाताने जखडलेल्या म्हाताऱ्या सासूला मुलाचा खून कळलेला असतो. जिवंत उरलेले असतात फक्त डोळे. कादंबरीत गुरुवारी डोमिनोचा डाव मांडलेला असताना ती महत्प्रयासाने टेबलावर बोटाने अक्षरं गिरवते, 'तेरेझ आणि लोराँ यांनी...', आणि हात गळून पडतो. पाहुणा वाक्य पुरं करतो: माझी छान काळजी घेतली.

१९५३च्या फ्रेंच बोलपटात गोष्ट लियाँला गेली, नवऱ्याला होडीऐवजी रेल्वेतून ढकललं, आणि व्हेनिसला बक्षीसही मिळालं. १९२८च्या चित्रपटाची प्रत मात्र आजवर हाती लागलेली नाही. उरलीत छायाचित्रं आणि तेव्हाची परीक्षणं. म्हणून वादही श्रेयनामावलीवरच घातला जातो.