आमदिर आणि एस्टेल: टॉल्किनच्या दोन आशा

‘निकाल चांगला लागेल अशी आशा आहे’ म्हणताना आपण अंदाज बांधत असतो. ‘आशा सोडू नकोस’ हे मात्र अंदाज वाईट असतो तेव्हाच सांगावं लागतं. मराठीत दोन्हीकडे शब्द एकच. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक जे. आर. आर. टॉल्किन पेशाने भाषेचे अभ्यासक आणि श्रद्धेने कॅथलिक. त्यांनी आपल्या कथांमधल्या एल्फांना, म्हणजे माणसांसारख्या दिसणाऱ्या अमर जमातीला, दोन शब्द दिले.

त्यांच्या मृत्यूनंतर, १९९३ साली छापल्या गेलेल्या एका संवादात एल्फांचा राजा फिनरॉड हा फरक आंद्रेथ नावाच्या मानव विदुषीला समजावतो. आमदिर म्हणजे हाताशी काही आधार आहे म्हणून ‘बरं होईल’ असं वाटणं. एस्टेल म्हणजे भरवसा. तो अनुभवातून आलेला नसतो, त्यामुळे अनुभवाने मोडत नाही. आपण त्या एकाची, एरू या विश्वनिर्मात्या देवाची, लेकरं असू, तर तो आपली माणसं कुणाला हिरावू देणार नाही, एवढ्यावरच तो उभा असतो. पौल रोमकरांना लिहितो की डोळ्यांना दिसतं त्याची आशा ही आशाच नव्हे; फिनरॉड त्याच्या जवळच बोलतो आहे.

एस्टेलला आशावाद समजणं ही नेहमीची गल्लत. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला सॅम घ्या. शत्रूची जादुई अंगठी त्याच्याच मॉर्डॉर देशात नेऊन नष्ट करायच्या मोहिमेवर तो निघालेला आहे. या मोहिमेचं काही खरं आहे असं त्याला पहिल्यापासून वाटलेलंच नसतं. आमदिर शून्य, तरी तो चालतो. मॉर्डॉरमध्ये ढगांच्या फटीतून एक तारा दिसतो आणि ही काळी छाया तिथवर पोचूच शकत नाही, हे त्याला उमगतं. मोहिमेची शक्यता तसूभरही वाढलेली नसते. गडी मात्र निवांत झोपतो!

उलट डेनेथॉर, शत्रूने वेढलेल्या मिनास तिरिथ नगराचा कारभारी. त्याच्याइतकी माहिती त्या नगरात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. पालांटीर या दूरचं दाखवणाऱ्या गोळ्यात त्याला काळ्या शिडांची जहाजं नदीतून येताना दिसतात आणि तो आशा सोडतो. दिसलं ते खरंच होतं, निष्कर्ष तेवढा चुकला: जहाजांवर शत्रू नव्हता, मदतीला येणारा ॲरागॉर्न, त्या राज्याचा खरा वारस, होता. आणि ॲरागॉर्नचं लहानपणीचं नाव? एस्टेल.

कादंबरीत ख्रिस्ती धागा असा दडवलेला आहे. अंगठी नष्ट होते ती तारीखसुद्धा २५ मार्च, म्हणजे मरीयेला देवदूताने निरोप दिल्याचा सण. पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. फिनरॉड-आंद्रेथच्या त्या संवादात मात्र धागा उघडा पडतो. एरू स्वतःच जगात उतरून ते बरं करेल असं काही माणसं मानतात, हे आंद्रेथ सांगते. स्वतः तिचा त्यावर विश्वास बसत नाही. टॉल्किनही इथे बिचकले. हे ख्रिस्ती धर्माचं विडंबन वाटेल, अशी शंका त्यांनी टिपणात नोंदवून ठेवली आहे.