हिरवं मस्तक: बर्लिनचं कोणतं, बॉस्टनचं कोणतं?

बर्लिनचं हिरवं मस्तक, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या एका मूर्तीचं हिरव्या दगडातलं डोकं, इजिप्तच्या शिल्पांची आवड असणाऱ्यांच्या ओळखीचं असतं: नॉयस म्युझियम, क्रमांक १२५००, तुळतुळीत डोक्याचा प्रौढ माणूस. त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. पण त्याचाच फोटो लावून खाली 'सक्कारा, सेरापियम, मारिएतचं उत्खनन' असं लिहिलेलं वारंवार दिसतं, आणि ते साफ चूक आहे. (सेरापियम म्हणजे सक्काराची पवित्र एपिस बैलांची दफनभूमी, मारिएत हा फ्रेंच पुरातत्त्वज्ञ.) हा इतिहास बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातल्या दुसऱ्या हिरव्या मस्तकाचा.

दगडावरून दोन्ही वेगळी ओळखू येणार नाहीत. दोन्ही ग्रेवॅकची आहेत. इजिप्तच्या शिल्पांसाठी हा दगड पूर्वेकडच्या वाळवंटातल्या वादी हम्मामातच्या खाणींतून येई. जुन्या याद्यांमध्ये त्याला बसाल्ट किंवा शिस्ट म्हटलंय. ते आता तरी सोडून द्यावं. बसाल्ट लाव्हाचा, शिस्ट पापुद्रे सुटणारा, आणि ग्रेवॅक गाळापासून घट्ट झालेला बारीक कणांचा दगड. म्हणून तर त्यावर केसाएवढी सुरकुती कोरता येते. बर्लिनमध्येच 'हिरवा सीझर'ही आहे. त्याचा दगडही हिरवा, पण तो रोमन माणूस आहे आणि डोक्यावर केस आहेत, तेव्हा त्याला इथे मध्ये आणू नये.

आकार मात्र बघाच. बर्लिनचं २१.५ सेंटिमीटर उंच, बॉस्टनचं फक्त १०.५. फोटोत दोन्ही सारखीच मोठी दिसतात. प्रत्यक्षात बॉस्टनचं तळहातावर मावेल.

चेहऱ्यात एकच खूण लक्षात ठेवा: बॉस्टनच्या माणसाच्या डाव्या गालावर चामखीळ आहे. बर्लिनच्या चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत, पण त्या दोन्ही बाजूंना जवळपास सारख्या, मोजून कोरल्यासारख्या. बॉस्टनच्या चेहऱ्याच्या दोन बाजू एकमेकींशी जुळत नाहीत, नाकाचं टोक तुटलंय, तरी समोर जिवंत माणूस बसल्यासारखा वाटतो. दोघांत उजवं कोणतं विचाराल तर बॉस्टनचं, यात शंका नाही.

खरा घोळ होतो तो मालकीच्या इतिहासात. ऑगुस्त मारिएतला सेरापियम सापडलं १८५०-५१ मध्ये, आणि तिथल्या असंख्य वस्तू पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात गेल्या. बॉस्टनचं मस्तक त्या खोदकामातलं नाही. १८५७ मध्ये नेपोलियन राजपुत्र इजिप्तला येणार असं ठरलं. हा फ्रान्सचा तेव्हाचा सम्राट तिसरा नेपोलियन याचा चुलतभाऊ. १७९८ च्या स्वारीवर आलेला बोनापार्ट नव्हे. पाहुण्याच्या हाती चांगल्या वस्तू लागाव्यात म्हणून इजिप्तचा राज्यकर्ता सैद पाशा यानं मारिएतला आधीच खोदकामाला लावलं. दौरा रद्द झाला, वस्तू मात्र निघाल्या होत्या. १८५८ मध्ये पाशानं त्या राजपुत्राला भेट पाठवल्या, त्यात हे मस्तक होतं. १८६८ मध्ये पॅरिसमध्ये राजपुत्राकडून ते विकलं गेलं. पुढे ते एडवर्ड पेरी वॉरन या अमेरिकी संग्राहकाच्या हाती आलं आणि १९०४ मध्ये बॉस्टनच्या संग्रहालयानं घेतलं. म्हणून त्याचा क्रमांक ०४.१७४९.

बर्लिनच्या मस्तकामागे असं काहीच नाही. ते कुठल्या खड्ड्यातून, कुणाच्या देखरेखीखाली निघालं याची नोंद नाही. म्हणून त्याचा काळ केवळ चेहऱ्याच्या घडणीवरून, इतर मूर्तींशी ताडून ठरवावा लागतो, आणि जाणकारांचे अंदाज इ.स.पू. ५०० पासून थेट टॉलेमी राजांच्या काळापर्यंत (इ.स.पू. ३०५-३०) पसरलेत. त्याला चुकून सेरापियम जोडलं की वाचणाऱ्याला वाटतं, जागा माहीत आहे म्हणजे काळही पक्का. मग त्याच काळावरून तिसऱ्याच एखाद्या मूर्तीचा काळ काढला जातो, आणि चूक पुढे सरकत राहते.

उलट टोकही गाठू नका. बॉस्टनच्या मस्तकाची जागा माहीत आहे, पण सेरापियमच्या परिसरात शेकडो वर्षं मूर्ती ठेवल्या जात होत्या, त्यामुळे जागेवरून नेमकं वर्ष निघत नाही. संग्रहालय देतं तो इ.स.पू. ३८०-३३२ हा काळही बराचसा घडणीवरच टेकलेला आहे. मूर्तीच्या पाठीला आधार म्हणून असणाऱ्या स्तंभावर कोरलेल्या अक्षरांचा तुकडा उरलाय, पण त्यात माणसाचं नाव नाही. त्याला पुरोहित म्हणतात ते मुंडन केलेल्या डोक्यावरून.

फोटोखाली लिहिताना शहर, क्रमांक आणि उंची या तीन गोष्टी द्याव्यात. आणि 'सापडलं' हा शब्द फक्त ०४.१७४९ साठी वापरावा. १२५०० साठी 'सापडल्याचं ठिकाण अज्ञात' एवढंच.