जुन्या मोटारगाडीतील इंधनपुरवठ्याचा बिघाड

टाकीतील पेट्रोल नळी, गाळणी, पंप व कार्बोरेटर (पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणारा भाग) या मार्गाने सिलिंडरांपर्यंत पुरेसे न पोहोचल्यामुळे, किंवा प्रमाणाबाहेर पोहोचल्यामुळे, गाडी सुरू न होण्याला इंधनपुरवठ्याचा बिघाड म्हणतात. या नोंदीत प्रामुख्याने यांत्रिक पंप आणि कार्बोरेटर असलेल्या गाड्यांचा विचार केला आहे. मुंबईत अशा गाडीचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी. तिची शेवटची नोंदणीकृत काळी-पिवळी टॅक्सी २० वर्षांची वयोमर्यादा गाठून ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाहेर पडली. खासगी मालकांनी जपलेल्या गाड्या अजून आहेत, आणि महिनोन्महिने इमारतीखाली उभ्या राहत असल्यामुळे त्यांनाच हा त्रास अधिक होतो.

सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असेल, पण पेट घेत नसेल, तर दोष इंधनाचा की ठिणगीचा हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी स्पार्क प्लग काढून पाहतात. बराच वेळ सेल्फ मारूनही प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत येत नाही; तो पेट्रोलने ओला असेल, तर ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल ‘ओव्हर’, म्हणजे प्रमाणाबाहेर, झालेले आहे. याहून सोपी चाचणी म्हणजे एअर फिल्टर उतरवून, इंजिन बंद ठेवून, कार्बोरेटरच्या तोंडात पाहत ॲक्सिलरेटरची दांडी ओढणे. पेट्रोलची बारीक धार दिसली, तर फ्लोटच्या कप्प्यात (कार्बोरेटरमधील पेट्रोल साठवणाऱ्या लहान कप्प्यात) पेट्रोल आहे असे समजावे. दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीत या कप्प्यातील पेट्रोल उडून जाते आणि पंपाने तो पुन्हा भरेपर्यंत सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो. एवढ्यावरून गाडी बिघडली असे मानण्याचे कारण नाही.

धार दिसली नाही की बहुतेक जण थेट कार्बोरेटर खोलायला घेतात. ही सवय महागात पडणारी आहे, कारण कार्बोरेटर हा या मार्गाचा शेवटचा टप्पा असून तो खोलताना जुने गॅस्केट (सांध्यातील पातळ सील) फाटते व मूळ दोषात नव्याची भर पडते. पेट्रोल नेमके कोठे थांबले हे आधी शोधणे श्रेयस्कर ठरते. कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडवून तिचे टोक बाटलीत धरावे, कॉइलची तार काढून ठिणगी बंद करावी आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. इंजिनाच्या प्रत्येक दोन फेऱ्यांमागे एक, अशा ठोक्यांनी जोरदार पेट्रोल आले, तर पंपापर्यंतचा मार्ग ठीक असून दोष पुढे, म्हणजे अडकलेल्या नीडल व्हॉल्व्हमध्ये (फ्लोटच्या कप्प्यात येणारे पेट्रोल रोखणाऱ्या झडपेत) किंवा बुजलेल्या जेटमध्ये (पेट्रोल जाण्याच्या बारीक छिद्रात) आहे.

पेट्रोल आले नाही, तरीही पंप लगेच दोषी ठरत नाही. असा पंप साधारण ०.२ ते ०.३ बार इतक्याच दाबाने काम करतो आणि टाकीकडून पेट्रोल ओढून घेतो. त्यामुळे टाकी ते पंप या भागातील नळीला बारीक चीर गेली, तर पेट्रोल बाहेर गळण्याऐवजी हवा आत शिरते. मिस्त्री याला ‘लाइनने हवा पकडली’ म्हणतात. जमिनीवर थेंबही पडत नसल्याने हा दोष सर्वाधिक चकवतो. टाकीकडून पंपात येणारी नळी पंपावरून काढून, पंपाला दुसरी नळी जोडून ती स्वच्छ डब्यातील पेट्रोलमध्ये बुडवली आणि पंप व्यवस्थित चालला, तर मागची नळी, गाळणी किंवा टाकी यांपैकी एक सदोष आहे. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजल्यासही पेट्रोल येणे थांबते; झाकण उघडताना फुस्स असा आवाज येणे ही त्याची खूण. डायफ्राम (पंपातील लवचीक पडदा) फाटला असेल, तर काही पंपांत पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकला (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीला) पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइल बदलेपर्यंत इंजिन चालवू नये.

मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत अर्धवट भरलेल्या टाकीच्या वरच्या पत्र्याला आतून गंज चढतो व पाणीही साचते. पाणी पेट्रोलहून जड असल्याने ते तळाशी, नेमके ओढनळीच्या तोंडाशी जमते. मे महिन्यातील वाहतूक कोंडीत याउलट प्रकार घडतो: तापलेल्या इंजिनालगतच्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. जुने टॅक्सीचालक पंपावर ओले फडके ठेवत असत, आणि हा उपाय शास्त्रीयदृष्ट्याही योग्य आहे.

सीएनजी बसवलेल्या कार्बोरेटरच्या गाड्यांत पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो. डॅशबोर्डवरील स्विच गॅसवर किंवा मधल्या स्थितीत राहिला, अथवा या व्हॉल्व्हची कॉइल जळाली, तर पंप धडधाकट असूनही पेट्रोल पुढे जात नाही. वर्षानुवर्षे गॅसवरच चाललेल्या गाडीत फ्लोटचा कप्पा कोरडा पडून जेटमध्ये चिकट थर साचतो, हे निराळेच.

तपासणीच्या काळात पेट्रोल उघडे असते. त्याची वाफ हवेहून जड असल्याने ती इमारतीखालच्या बंदिस्त पार्किंगमध्ये जमिनीलगत साठते; म्हणून हे काम मोकळ्यावर, बॅटरीच्या तारांशी ठिणगी होणार नाही अशी काळजी घेऊन करावे. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची रस्त्यावरची पद्धत घातक आहे, कारण घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेल्यासही गंभीर दाह होतो. चालू इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये बाटलीने पेट्रोल ओतल्यास ‘बॅकफायर’ होऊन, म्हणजे ज्वाला उलट कार्बोरेटरकडे येऊन, भडका उडू शकतो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउस परिसरात जुन्या गाड्यांचे पंपाचे किट विकत घेताना रबर पाहून घ्यावे. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला डायफ्राम कडक झालेला असतो, आणि २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलमध्ये जुन्या प्रकारचे रबर फुगते व लवकर कुजते.