चालायला अवघड, म्हणूनच हवेसे

इंग्लंडमधल्या केंब्रिज शहरातल्या जुन्या दफनभूमींमध्ये सापडलेले 177 सांगाडे संशोधकांनी तपासले. त्यांचं काम 2021मध्ये प्रसिद्ध झालं. 11व्या ते 13व्या शतकातल्या सांगाड्यांपैकी 6 टक्क्यांत पायाचा अंगठा शेजारच्या बोटाकडे कलून त्याच्या मुळाशी हाडाचा उंचवटा आलेला दिसला. या व्याधीला इंग्रजीत ‘बनियन’ (bunion) म्हणतात. 14व्या आणि 15व्या शतकात मात्र हे प्रमाण थेट 27 टक्क्यांवर गेलेलं होतं. कारण होतं फॅशन! त्या काळात निमुळत्या, लांबच लांब टोकाच्या बुटांचं वेड युरोपभर पसरलं होतं. टोक ताठ राहावं म्हणून त्यात शेवाळ किंवा लोकर ठासून भरत. शेवटी 1463मध्ये चौथ्या एडवर्ड राजाला टोकाची लांबी दोन इंचांच्या आत ठेवण्याचा कायदा करावा लागला.

याच अभ्यासातली दुसरी नोंद मला जास्त बोलकी वाटते. गावाकडच्या दफनभूमीत ही व्याधी जेमतेम 3 टक्के लोकांना होती, तर धर्मगुरू आणि श्रीमंत देणगीदारांना जिथे पुरत त्या मठाच्या आवारात ती 43 टक्के. शेतात राबणाऱ्याला असे बूट घालून चालणारच नव्हतं. ज्याला दिवसभर चालावं लागत नाही, त्यालाच ते परवडत, आणि बघणाऱ्यालाही ते एका नजरेत कळत असे.

इस्रायली जीवशास्त्रज्ञ अमोत्झ झहावी यांनी 1975मध्ये मोराच्या पिसाऱ्याबद्दल असाच विचार मांडला. एवढं ओझं वागवूनही मी जिवंत आहे, हे लांडोरीला दाखवायचं तर पिसारा अवजडच हवा. ज्याची किंमत मोजावी लागत नाही, अशा खुणेवर कोण विश्वास ठेवील? माणसाच्या फॅशनला हे तत्त्व जसंच्या तसं लावता येणार नाही, पण आजच्या ‘स्टेटमेंट’ बुटांकडे, म्हणजे मुद्दाम नजरेत भरण्यासाठीच घातलेल्या बुटांकडे पाहताना ते हमखास आठवतं. ब्रिटिश फॅशन डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन यांचे 2010च्या हंगामातले, जवळपास 30 सेंटिमीटर उंचीचे ‘आर्मडिलो’ बूट मुळी चालण्यासाठी नव्हतेच.

सगळेच स्टेटमेंट बूट पाय मोडत नाहीत म्हणा. काहींची किंमत डोळ्यांना मोजावी लागते. बेल्जियन डिझायनर मार्टिन मार्जिएला यांनी 1988मध्ये पॅरिसमध्ये ‘ताबी’ बूट आणला. जपानी कामगारांच्या पादत्राणासारखा तो अंगठ्यापाशी दुभागलेला आणि मागच्या बाजूने बारीक धातूच्या आकड्यांनी बंद होणारा. मॉडेल्सच्या बुटांच्या तळांना लाल रंग लावला होता, त्यामुळे पांढऱ्या कापडावर खुरांसारखे ठसे उमटत गेले. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो पाय विचित्रच वाटतो. पण मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968मध्ये दाखवलं होतं, की एखादी गोष्ट नुसती वारंवार दिसत राहिली तरी ती आवडू लागते. मोबाइलच्या पडद्यावर तोच बूट दिवसातून कितीतरी वेळा समोर येतो. ताबीला आज जी मागणी आहे, तिच्यामागे हेही असावं.

आता मेंदूत डोकावू. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन हे संदेशवाहक रसायन जवळजवळ संपवून टाकलं. उंदीर समोरच्या अन्नाकडे फिरकेनासे झाले. पण साखरेचा थेंब जिभेवर टाकला की पूर्वीसारखेच मिटक्या मारत. म्हणजे हवंसं वाटणं आणि आवडणं या दोन गोष्टी मेंदूत वेगवेगळ्या चालतात, आणि डोपामाइन मुख्यतः पहिलीच हाकतं. एखादा बूट आठवडाभर मनातून जात नाही, आणि घरी आला की दोनदा घालून कपाटात पडतो. याला नुसता उधळेपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ती ओढ खरीच असते. फक्त बूट पायात आल्यावर किती सुख मिळेल, याचा अंदाज ती देत नाही.

स्टॅनफर्डचे ब्रायन नट्सन आणि सहकाऱ्यांनी 2007मध्ये माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून आधी वस्तू दाखवली, मग किंमत. वस्तू आवडली की न्यूक्लिअस अ‍ॅकम्बेन्स हा बक्षिसाच्या अपेक्षेशी जोडलेला भाग सक्रिय होई. किंमत अवाच्या सवा वाटली की इन्सुला, म्हणजे वेदना आणि किळस यांच्याशीही संबंध असलेला भाग. विकत घ्यायचं की नाही, याचा कल उत्तर देण्याआधीच या खुणांतून दिसत होता.

मग हजारो रुपयांच्या बुटाला इन्सुला नेहमीच का अडवत नाही? कारण किंमत स्वतःच चव बदलते. 2008च्या एका प्रयोगात लोकांना तीच वाइन एकदा 10 डॉलरची आणि एकदा 90 डॉलरची म्हणून पाजली. महाग लेबल असताना लोकांनी ती जास्त आवडल्याचं सांगितलं, आणि मेंदूतला सुखाचा अनुभव नोंदवणारा भागही जास्त सक्रिय झाला. लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना ती खरंच जास्त छान लागली होती.

जून 2025मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मॉडेल्सच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि आपल्याकडे संताप उसळला, तो रास्तच होता. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून 2019पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि मंचावर त्याचा उल्लेखही नव्हता. मूळ श्रेय कंपनीने नंतर मान्य केलं. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. इथल्याच कारागिरांकडून 2,000 जोड करून घ्यायचे आणि साधारण 800 युरोंना विकायचे, असं ठरलं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, अंगठा, कान, हाताने विणलेली वेणी, यांत कोल्हापूरच्या चप्पल लाइनमध्ये मिळणाऱ्या जोडाहून फार वेगळं ते काय असणार? मोजकी संख्या, मोठं नाव आणि 800 युरोंची चिठ्ठी या तीन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत, आणि वाइनचा प्रयोग पाहता घालणाऱ्याच्या मेंदूला त्या कातड्याइतक्याच खऱ्या वाटतील.