धारित्रांची एकसर व समांतर जोडणी

विद्युतरोधक पदार्थाने एकमेकांपासून विलग केलेल्या दोन वाहक पट्ट्यांवर समान आणि विरुद्ध प्रभार साठविणाऱ्या घटकास धारित्र म्हणतात. एका पट्टीवरील प्रभारास पट्ट्यांमधील विभवांतराने (व्होल्टेजने) भागले असता धारिता मिळते. फॅरड हे तिचे एकक मायकेल फॅरेडे यांच्या नावावरून आले असून ते इतके मोठे आहे, की उदाहरणांत आणि बाजारातही त्याचा दहा लाखावा भाग, म्हणजे मायक्रोफॅरड, बहुधा प्रचारात आहे. सांगली जिल्ह्यात हा घटक ‘कंडेन्सर’ या जुन्या नावाने घरोघरी परिचित आहे. छताच्या पंख्यात तो साधारणपणे २.५ मायक्रोफॅरडचा असतो, तर विहिरीवरील किंवा बोअरवरील सिंगल फेज पंपाला त्याच्या कित्येक पट मोठा लागतो. बारावीच्या विद्यार्थ्याला तो स्थिरविद्युत या प्रकरणात भेटतो आणि तेथे प्रश्न बहुधा एकच असतो: अनेक धारित्रांच्या जागी कोणते एक धारित्र चालेल?

समांतर जोडणीत प्रत्येक धारित्राची दोन टोके त्याच दोन बिंदूंना जोडलेली असल्यामुळे सर्वांवरील विभवांतर सारखे राहते, प्रभार धारितेच्या प्रमाणात वाटला जातो आणि एकूण धारिता ही साध्या बेरजेने मिळते. ५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर हाताशी नसेल, तर २५चे दोन शेजारी-शेजारी जोडून मोटार चालविता येते, ती याच नियमाने.

एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडणी अधिक विचार करायला लावते. दोन धारित्रांमधील तारेने जोडलेल्या दोन पट्ट्या बाकीच्या मंडलापासून तुटलेले एक बेटच असतात. त्या बेटावर बाहेरून प्रभार येऊ शकत नाही आणि जाऊही शकत नाही. ते आधी उदासीन असेल, तर एका पट्टीवर जितका ऋण प्रभार येतो तितकाच धन प्रभार दुसरीवर उरतो, म्हणून सर्व धारित्रांवरील प्रभार समान होतो. विभवांतरांची बेरीज होत असल्याने धारितांच्या व्यस्तांकांची बेरीज एकूण धारितेच्या व्यस्तांकाइतकी येते. उदाहरणार्थ, ३ व ६ मायक्रोफॅरडची धारित्रे एकसर जोडून १२ व्होल्टच्या बॅटरीला लावली, तर एकूण धारिता २ मायक्रोफॅरड, प्रत्येकावरील प्रभार २४ मायक्रोकूलंब आणि विभवांतरे अनुक्रमे ८ व ४ व्होल्ट येतात. लहान धारित्रावर मोठे विभवांतर पडते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना प्रथम उलटी वाटते. रोधांच्या नियमांची येथे अदलाबदल झालेली असल्याने शाळेतील पाठांतर अनेकांच्या आड येते.

एमएचटी-सीईटीत भौतिकी व रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवावे लागत असल्याने ‘गुणाकार भागिले बेरीज’ या सूत्रावर विद्यार्थ्यांची भिस्त असते. हे सूत्र फक्त दोन धारित्रांपुरते खरे आहे. २, ३ व ६ मायक्रोफॅरड एकसर असताना तिन्हींचा गुणाकार ३६ आणि बेरीज ११ घेऊन कोणी ३.२७ हे उत्तर काढले, तर ते तपासण्यासाठी पुन्हा गणित करण्याचीही गरज नाही. एकसर जोडणीची धारिता सर्वांत लहान घटकापेक्षा, येथे २ पेक्षा, कमीच असली पाहिजे. खरे उत्तर १ मायक्रोफॅरड आहे.

आकृतीत धारित्रे एकाखाली एक काढली म्हणून ती समांतर ठरत नाहीत. तारेने थेट जोडलेल्या सर्व बिंदूंना एकच अक्षर द्यावे आणि मग प्रत्येक धारित्र कोणत्या दोन अक्षरांमध्ये आहे ते पाहावे; वेड्यावाकड्या वाटणाऱ्या बहुतेक आकृत्या एवढ्यानेच सरळ होतात. सेतूच्या आकृतीत, म्हणजे दोन समांतर फांद्यांचे मधले बिंदू आणखी एका धारित्राने जोडलेले असताना, वरच्या फांदीत २ व ४, खालच्या फांदीत ३ व ६ मायक्रोफॅरड असतील, तर मधल्या दोन बिंदूंचे विभव समान होते, त्यांच्यामधील धारित्र कितीही मोठे असले तरी प्रभाररहित राहते आणि ते वगळून एकूण धारिता १०/३ मायक्रोफॅरड येते.

खरी कसोटी बॅटरी काढल्यानंतर लागते. बॅटरी जोडलेली असताना विभवांतर ठरलेले असते. ती काढली की प्रभार कायम राहतो, आणि येथे सूत्रापेक्षा हा फरक ओळखणे महत्त्वाचे ठरते. १०० व्होल्टपर्यंत प्रभारित केलेले ४ मायक्रोफॅरडचे धारित्र बॅटरीपासून सोडवून ६ मायक्रोफॅरडच्या रिकाम्या धारित्राला जोडले, तर ४०० मायक्रोकूलंब प्रभार आता १० मायक्रोफॅरडवर पसरतो आणि विभवांतर ४० व्होल्टवर येते. ऊर्जा मात्र २० मिलिजूलवरून ८ मिलिजूलवर घसरते. उरलेली १२ मिलिजूल ऊर्जा मुख्यतः तारांतील उष्णतेत आणि जोडताना उडणाऱ्या ठिणगीत जाते. तार कितीही कमी रोधाची घेतली, तरी ही घट तेवढीच राहते. पंपाची वीज बंद केल्यावरही कंडेन्सरला हात लावण्यापूर्वी अनुभवी कारागीर तो रोधामार्फत रिकामा करून घेतात, कारण विलग धारित्रावरील प्रभार आपोआप लगेच नाहीसा होत नाही.

विभवांतराची मर्यादा विचारणारी उदाहरणे पुस्तकात थोडी, पण व्यवहाराला जवळची असतात. प्रत्येकी २५० व्होल्ट सहन करणारी ३ व ६ मायक्रोफॅरडची धारित्रे एकसर जोडली, तर जोडणी ५०० नव्हे, ३७५ व्होल्टच सहन करते: एकूण विभवांतराचे दोन-तृतीयांश ३ मायक्रोफॅरडवर पडत असल्याने त्याचे २५० व्होल्ट तेथेच पुरे होतात, आणि त्या वेळी ६ मायक्रोफॅरडवर केवळ १२५ व्होल्ट असतात.